कळसूबाईवर डबा ठेवायचा का?

एक आकडा लिहून घ्या. १९.६०१ उत्तर, ७३.७०९ पूर्व.

आता मोबाइलमधल्या नकाशात तो टाका. लाल खूण जाऊन बसते थेट अकोले तालुक्यात, बारी गावाच्या डोक्यावर. कळसूबाई शिखर, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातली सगळ्यांत उंच जागा. पुढची गंमत अशी की नेवाशाचा आकडा आहे साधारण १९.५५, ७४.९३. पहिला आकडा जवळपास तोच! म्हणजे नेवासा बसस्टँडवरून पश्चिमेकडं तोंड करून, किंचित उजवीकडं झुकत सरळ रेषेत चालत सुटलात, तर सव्वाशे-एक किलोमीटरनंतर कळसूबाईच्या अंगावर जाऊन धडकाल. एकाच जिल्ह्याची दोन टोकं. आपण मात्र शिर्डी, शिंगणापूर, फार तर भंडारदऱ्याचा धबधबा एवढ्यावरच थांबतो.

या दोन आकड्यांवर जगभर एक खेळ चालतो. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवतं. डब्यात एक वही, पेन्सिल, असल्या तर चार फुटकळ वस्तू. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी जाहीर करायचे. तुम्ही मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन तिथं जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच पुन्हा लपवायचा. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. बक्षीस नाही, पैसे नाहीत. लहानपणी आपण खेळलेला 'खजिन्याचा शोध' आहे हा, फक्त चिठ्ठीच्या जागी उपग्रह आलेत. आज जगात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत.

सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेनं जीपीएस बनवलं लष्करासाठी. सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असायचा, त्यामुळं जागा शंभर मीटर इकडंतिकडं दाखवली जायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानं मे २००० च्या सुरुवातीला हा बिघाड काढून टाकला आणि एका रात्रीत जगभरातली जीपीएस यंत्रं कितीतरी पट अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यातल्या डेव्ह उल्मर नावाच्या संगणक अभियंत्यानं एक काळी बादली जंगलात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबा! सिग्नल खरंच सुधारलाय का, हे त्याला बघायचं होतं. तीन दिवसांच्या आत माइक टीग नावाच्या माणसानं ती बादली शोधून काढली. तिथून हे वेड पसरलं. २००८ मध्ये तर रिचर्ड गॅरियट या अवकाश पर्यटकानं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या एका लॉकरला 'डबा' बनवून टाकलं. तिथं जाऊन वहीत नाव कोण लिहिणार, हा प्रश्न विचारू नका.

युरोपातला पहिला डबा ठेवला गेला आयर्लंडमध्ये, ब्रे हेड नावाच्या समुद्राकाठच्या टेकडीवर, ३ जून २००० ला. उल्मरच्या बादलीनंतर बरोबर एक महिन्यानं. तिथं डोंगरमाथ्यावरचे डबे हा खेळातला मानाचा प्रकार. प्रत्येक डब्याला दोन गुण दिलेले असतात, एक शोधायला किती अवघड आणि दुसरा पोचायला किती अवघड. दोन्ही एक ते पाचमध्ये. डोंगरमाथ्यावरचा डबा शोधायला सोपा असेलही, पण पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडतात.

आयर्लंडचं सगळ्यांत उंच शिखर करंटूहिल. उंची १०३८ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरनं बुटकं! पण धुकं, वारा आणि पाऊस असा की भले भले वाट चुकतात. त्याच्या एका वाटेचं नाव 'डेव्हिल्स लॅडर', सैतानाची शिडी. नाव शिडी असलं तरी शिडी कुठंच नाही, सुट्या दगडांनी भरलेली एक उभी घळ आहे. माथ्यावर लोखंडी क्रूस आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी ग्राइंडर वर नेऊन तो कापून पाडला. गावकऱ्यांनी थोड्याच दिवसांत पुन्हा उभा केला. हे सगळं सांगायचं कारण, करंटूहिलची जमीन तिथल्या शेतकऱ्यांच्या खासगी मालकीची आहे. लोक तिथं चढतात ते त्या शेतकऱ्यांच्या चांगुलपणावर. गवतातून जाताना गेट उघडलं तर मागं लावून घ्यायचं, कुत्रं मोकळं सोडायचं नाही. डोंगर सार्वजनिक वाटतो, पण तो कुणाचा तरी असतो. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं नेवाशातून निघालो. श्रीरामपूर, संगमनेर, अकोले, राजूर आणि बारी. रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या वर जातं. सोबत एक चपटा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत शंभर पानी वही, दोन पेन्सिली, शार्पनर आणि नेवाशाच्या आठवणीला प्रवरेतला एक गुळगुळीत गोटा. डबा वर ठेवायचा की नाही, यावर गाडीतच दोन पार्ट्या पडल्या. एक गट म्हणत होता, महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकावर आपली वही, याहून भारी काय? दुसऱ्या गटाचं म्हणणं, आधी डोंगर बघू, मग ठरवू. मी दुसऱ्या गटात.

कळसूबाईची वाट चुकण्यासारखी नाही. बारी गाव सोडलं की भाताची खाचरं, ओढा, मग चढ सुरू. पायथ्यापाशी देवीचं एक मंदिर आहे, ज्यांना वर जाणं जमत नाही ते तिथूनच दर्शन घेतात. मध्ये मध्ये दगडाच्या पायऱ्या, रेलिंग आणि कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या. पहिल्या शिडीशी पोचलात की तुमचा दम कळतो, शेवटच्या शिडीशी तुमचे मित्र कळतात. वाटेत झोपड्यांमधून लिंबू सरबत, ताक, काकडी, पिठलं-भाकरी मिळते. बारी आणि आसपासच्या घरांचं पोट या वाटेवर बरंचसं चालतं. पाण्याच्या बाटल्या, पिठाच्या पिशव्या, गॅस असं सगळं सामान ही माणसं रोज डोक्यावर नाहीतर पाठीवर घेऊन चढतात. आपण एक सॅक घेऊन 'मेलो, मेलो' करत असतो, तेव्हा साठीच्या मावशी हंडा घेऊन शेजारून निघून जातात. अशा वेळी गप्प राहावं.

इथं एक कामाची गोष्ट. जीपीएसला नेटवर्क लागत नाही! मोबाइलला चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की तो जागा काढतो, इंटरनेट फक्त नकाशाचं चित्र आणायला लागतं. त्यामुळं त्या भागाचा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा, वर रेंज गेली तरी ठिपका हलत राहील. मात्र कड्याला चिकटून चालताना अर्धं आकाश झाकलं जातं आणि ठिपका उड्या मारतो. दुसऱ्या शिडीजवळ आमच्या एका फोनच्या मते आम्ही दरीत तरंगत होतो. उंचीच्या आकड्यावर तर भरवसाच ठेवू नका, शेजारी शेजारी धरलेले दोन फोन वेगवेगळी उंची दाखवतात. नव्या फोनमध्ये अमेरिकी जीपीएसबरोबर आपल्या इस्रोच्या 'नाविक'चे सिग्नलही घेतले जातात. कारगिलनंतर आपली स्वतःची यंत्रणा हवी हे पक्कं झालं, तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. आणि हो, परदेशातून येणारा एखादा चुलतभाऊ उपग्रहावरून मेसेज पाठवणारं ट्रेकिंगचं यंत्र घेऊन येणार असेल, तर त्याला आधीच सावध करा. भारतात ते विनापरवाना वापरता येत नाही, अनेक पर्यटक त्यापायी पोलिस ठाण्यात बसलेत.

माथा म्हणजे एक छोटासा सपाट कातळ, त्यावर शेंदरी रंगाचं चिमुकलं मंदिर. घंटा. चारी बाजूंना नुसती हवा. समोर अलंग, मदन, कुलंग, खाली भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडं रतनगड. त्या रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते. भंडारदऱ्याच्या धरणात थांबते, रंधा फॉलवरून उडी घेते, अकोले, संगमनेर करत नेवाशाला येते आणि पुढं प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. माहीत होतं सगळं, शाळेत पाठ केलेलं. पण आपल्या घाटावरचं पाणी जिथून निघतं ती जागा बोटानं दाखवता येते, हे वर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्यातला एक जण, जो सगळ्या वाटेनं बडबडत होता, तिथं दहा मिनिटं काहीच बोलला नाही. आमच्यासाठी हाच चमत्कार.

मग डब्याचा विषय निघाला.

जागा शोधणं अवघड नव्हतं. कातळात फटी आहेत, दगडांचे ढीग आहेत. पण उभं राहून बघितलं तर काय दिसतं? सुटीचा दिवस, शे-दीडशे माणसं. फटीफटींत वेफर्सची रिकामी पाकिटं, बाटल्यांची बुचं, कुणाचा तरी तुटलेला सेल्फी स्टिकचा दांडा. त्यात अजून एक प्लास्टिकचा डबा. आपल्या लेखी तो 'कॅश', पण शिडी उतरून कचरा गोळा करत जाणाऱ्या माणसाच्या लेखी?

दुसरं, हा सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग. १९८६ पासून. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं काही ठेवून येणं बरोबर नाही. गंमत म्हणजे या खेळाचे स्वतःचे नियमही तेच सांगतात. जागेच्या मालकाची परवानगी हवी. डबा जमिनीत खड्डा करून पुरायचा नाही. खाण्याची वस्तू आत ठेवायची नाही, वासानं जनावरं येतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्यानं ठेवला त्यानंच तो सांभाळायचा. वही भिजली, झाकण तुटलं, तर जाऊन बदलायची. नेवाशात राहणाऱ्यानं कळसूबाईवरची वही पावसाळ्यात कशी बदलायची? एका पावसात तिचा लगदा होईल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत पटली. मंदिराशेजारी बेवारस डबा! आपण लहानपणापासून एसटी स्टँडवर ऐकत आलोय, बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ मध्ये कॅफेसमोर लपवलेला असाच एक डबा कुणाला तरी संशयास्पद वाटला. रस्ता रिकामा केला, लष्कराचं बॉम्बशोधक पथक आलं आणि त्यांनी तो उडवून दिला. तिथं बातमी झाली, लोक हसले. नवरात्रात कळसूबाईवर हजारो माणसं चढतात. त्या अरुंद शिडीवर 'डबा सापडला' अशी आरोळी उठली तर काय होईल? मी त्या शिडीवर उभी राहून हा विचार केला, आणि तो विचार आजही पोटात गोळा आणतो.

आणि देवी. कळसूबाईची गोष्ट गावात सांगतात ती अशी. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस तिला तेच काम करायला लावलं. ती तडक डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. तिचा डोंगर. केर काढायला नकार देणाऱ्या मुलीच्या अंगणात आपण केर टाकून यायचा, हे काही जमत नाही. हे मी वर बोलून दाखवलं तेव्हा पहिला गट हसला, पण डबा सॅकमध्ये परत गेला.

'मग एवढं चढून उपयोग काय?' असं तुम्हाला वाटत असेल, तर थांबा. डब्याशिवायचं जिओकॅशिंगही असतं. २००४ पासून 'अर्थकॅश' नावाचा प्रकार चालतो, अमेरिकेतल्या भूशास्त्रज्ञांच्या संस्थेशी ठरवून सुरू झालेला. त्यात डबा नसतोच. त्या जागी जायचं, तिथला दगड, माती, पाणी बघायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. उत्तरं तिथं गेल्याशिवाय देता येणार नाहीत, अशीच प्रश्नांची रचना. कळसूबाईला यासाठी शंभरपैकी शंभर गुण! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला. थरावर थर. समोरच्या डोंगरांवर ते थर आडव्या पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात. या खडकाला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे पिंजरा नव्हे, हा मूळ स्वीडिश शब्द, अर्थ जिना. म्हणजे जिन्याच्या डोंगरावर आपण लोखंडी जिने लावलेत. प्रश्न तयार करायला सुरुवात करा: तिसऱ्या शिडीशेजारच्या कातळात पांढरे दाणे भरलेली भोकं दिसतात का? पट्ट्या मोजल्या तर किती?

खरा खजिना तर नेवाशात आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. १९५४ मध्ये डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी इथं खणायला आले. प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडात त्यांना काय काय सापडलं! नदीच्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं, इतकी महत्त्वाची की मध्यपुराश्मयुगातल्या त्या हत्यारांच्या परंपरेला पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'नेवासियन' असं नाव पडलं. आपल्या गावाच्या नावानं एक अख्खा काळ ओळखला गेला, आणि आपण फोटो काढायला हायवेवरच्या ढाब्यावर जातो. त्याच टेकाडात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीची भांडी मिळाली. दोन-दोन भांडी तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत लहान मुलांचे अवशेष. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत दोऱ्याचा तुकडा शिल्लक होता. आईवडिलांनी लेकराला घराबाहेर जाऊ दिलं नाही, आपल्याच पायाखाली जपून ठेवलं. जमिनीखालच्या 'डब्या'बद्दल बोलताना हे माहीत असलेलं बरं. आणि प्रवरेकाठी दगड उचलून खिशात घालण्याआधी दोनदा बघा. टेकाडावर तर काहीच उचलू नका, काहीच खणू नका.

म्हणून परत आल्यावर आम्ही गावातच कोड्यांची एक वाट आखली. या प्रकाराला 'मल्टी-कॅश' म्हणतात, एका जागेचं उत्तर पुढच्या जागेचा आकडा देतं. पहिला थांबा पैस खांब. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, ज्ञानेश्वरांनी इथं ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली. शकाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, तो आमच्या कोड्यात वापरलाय. तिथं डबा नाही, फक्त बघायचं आणि मोजायचं. दुसरा थांबा मोहिनीराजाचं मंदिर. तिथल्या कोरीव कामात एक गोष्ट मोजायची. किती आणि कोणती ते इथं लिहिलं तर मजा जाईल. तिसरा थांबा नदीचा घाट.

आणि शेवटी डबा. तोच, जो कळसूबाईवर जाऊन आला. तो एका मैत्रिणीच्या शेतात आहे, बांधावरच्या एका झाडाच्या ढोलीत. तिच्या वडिलांना आम्ही रीतसर विचारलं. काकांना खेळ समजवायला अर्धा तास लागला. वही बघितली, गोटा हातात घेऊन बघितला, मग म्हणाले ठेवा. अटी तीन. ऊसतोडीच्या वेळी डबा काढून घ्यायचा. उसातून शॉर्टकट मारायचा नाही. आणि अंधार पडल्यावर कुणी यायचं नाही, बिबट्या आहे. या तीन अटी जगातल्या कुठल्याही नियमावलीपेक्षा चांगल्या आहेत असं माझं मत झालंय.

खेळाच्या अधिकृत यादीत नोंदणी अजून केलेली नाही. आधी गावातल्यांनी खेळून बघावं, कोडी नीट आहेत का ते कळावं, म्हणून. वहीत आतापर्यंत अकरा नावं आहेत. पहिलं नाव काकांचं, तारखेसकट.

तुम्ही कळसूबाईला निघालात तर शनिवार-रविवार टाळा. माणशी तीन लिटर पाणी, फोन पूर्ण चार्ज, आणि एक रिकामी पिशवी. भर पावसात शिड्या निसरड्या होतात, गर्दीत तर एकेका शिडीखाली रांग लागते आणि मागून ढकलणारे असतातच. सप्टेंबर-ऑक्टोबरात उतारावर सोनकीची पिवळी फुलं असतात, तेव्हा जा. जिओकॅशिंग करणारे परतताना वाटेतला कचरा पिशवीत भरून आणतात, २००२ पासून तसे कार्यक्रमच होतात. आमच्या पिशवीत त्या दिवशी सत्तावीस बाटल्या भरल्या. उतरताना झोपडीतल्या मावशींनी ती पिशवी बघितली आणि ताकाचे पैसे तीन जणांचेच घेतले.